लिफ्टमधले स्टूल

ते स्टूल लाकडी होते. दीड फूट उंच, वर तपकिरी रेक्झिन, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मुलुंड पूर्वेच्या एका चार मजली इमारतीत, बी विंगच्या लिफ्टमध्ये ते मधोमध ठेवलेले असे. साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात साडेतीन आठवडे ती लिफ्ट रोज वर-खाली करत होती. त्या काळात तिच्यातून माणूस फक्त एकदा गेला. एरवी स्टूल वर जाई आणि स्टूल खाली येई.

इमारतीचे नाव देत नाही. माणसांची नावे बदलली आहेत. बाकी सर्व नोंदवहीत आहे तसे आहे. नोंदवही जिथे खोटी आहे तिथे तसे सांगितले आहे. खोट्या नोंदी तीन आहेत आणि तिन्ही माझ्या अक्षरात आहेत.

मी पालिकेच्या आरोग्य खात्यात निरीक्षक होतो. सगळी नोकरी उपनगरांत झाली: आधी अंधेरी, मग घाटकोपर, शेवटी मुलुंड. त्याआधी चार वर्षे एका सायंदैनिकात उपसंपादक होतो. ते बंद पडले. तिथल्या वृत्तसंपादकांनी एक सवय लावली होती, पाहिले ते लिहायचे आणि वाटले ते खोडायचे. निरीक्षकाला ती उपयोगी पडते. आमचे काम म्हणजे लोकांच्या घरात त्यांच्या इच्छेविरुद्ध, पण नम्रपणे शिरणे. पिंप झाकले आहे का, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले आहे का, गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट बसते का, हे पाहायचे आणि लिहायचे. बहुतेक लोक दार उघडतात. काही वाद घालतात. अंधेरीत एका गृहस्थांच्या गच्चीवर बादलीभर डासांच्या अळ्या सापडल्या. ते फायटर मासे पाळत, अळ्या हा माशांचा खुराक. बादली ओतू देईनात. म्हणाले, "अळ्या माझ्या आहेत. माझ्या घरात, माझ्या बादलीत." मी म्हणालो, "अळी आहे तोवर तुमची. पंख फुटले की वॉर्डाची." त्यांनी थोडा विचार केला आणि बादली स्वतःच ओतली. माझ्या निरोप समारंभात सहकाऱ्यांनी हाच किस्सा सांगितला. साथीबद्दल कोणी बोलले नाही.

आमच्या हातात एक जुना कायदा असतो. इंग्रजांच्या राजवटीत प्लेगच्या वेळी केलेला, जेमतेम पानभराचा. त्याच्या आधारे संशयित रुग्णाला घरातून हलवता येते, त्याची इच्छा असो वा नसो. आमच्या वॉर्डात या आदेशाचे छापील पॅड होते, प्रत्येक पान तीन प्रतींत, मधे कार्बन. माझ्या कपाटातल्या पॅडच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि एकही पान फाटलेले नव्हते. त्या उन्हाळ्यात ते संपले आणि मी नवे मागवले.

पहिले पान घाटकोपरच्या एका चाळीत फाडले. तिथे मनुष्यबळ कमी होते म्हणून मला आठवड्यासाठी उसने दिले होते. सत्तरीची बाई होती. अंगात ताप, पण शुद्धीवर. तिला खुर्चीत बसवून गल्लीबाहेर आणले. तिचा मुलगा म्हणाला, "कुठे नेताय ते लिहून द्या." मी केंद्राचे नाव आणि पत्ता लिहून दिला. त्या केंद्रात जागा नव्हती, गाडी दुसरीकडे वळवली गेली. मला हे संध्याकाळी कळले, मुलाला तिसऱ्या दिवशी. तोवर त्याला भेटण्यासारखे कोणी उरले नव्हते. तो वॉर्ड कार्यालयात आला तेव्हा त्याने आवाज चढवला नाही. माझ्या अक्षरातला कागद चार घड्या घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा पत्ता चुकीचा आहे." मग तो निघून गेला. कागद अजून माझ्याकडे आहे. पुढे मुलुंडला जे केले, त्याच्यामागे हा कागद होता असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. तो होताच. पण तेवढाच होता असे आता म्हणवत नाही.

बी विंगच्या चौथ्या मजल्यावर चार घरे होती. ४०१ मधले तिघेही बाधित निघाले आणि त्यांना नेले. ४०३ चे मालक परदेशात. ४०४ विक्रीसाठी रिकामे. ४०२ मध्ये शालिनी परब होत्या, वय एकसष्ट. कुटुंब मूळ कणकवलीकडचे. नवरा मधुकर गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत आणि नंतर एका औषधांच्या गोदामात कामाला होता. सोसायटीने मला दिलेल्या यादीत त्याच्या नावापुढे 'गावी' असे लिहिले होते. शेजारी बाधित असल्यामुळे परबबाईंना चौदा दिवस घरात राहायचे होते. मी त्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला. त्या शाईकडे पाहत म्हणाल्या, "शाई मतदानाची दिसता. पण मत काय कोणी विचारूक नाय."

सोसायटीचे सेक्रेटरी हेमंतभाई. मुलुंडमध्येच जन्मलेले, हार्डवेअरचे दुकान, मराठी स्वच्छ. नियमाप्रमाणे मजल्याच्या तोंडाशी आम्ही सूचनेचा कागद आणि पट्टी लावायची, बाकी जिना मोकळा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, जिन्यात, लोखंडी जाळीचा दरवाजा बसवला होता आणि त्याला मुठीएवढे कुलूप होते. मी म्हणालो, हे चालणार नाही, वर आग लागली तर काय कराल. हेमंतभाई म्हणाले, "साहेब, कागदाची पट्टी कोण मानतं? कुलूप मानतात. खालच्या तीन मजल्यांवर म्हातारी माणसं आहेत माझ्या. तुम्ही रोज पहारा द्यायला येणार का?" मी देऊ शकत नव्हतो. माझ्याकडे अशा एकवीस इमारती होत्या. वहीत एक रकाना असे, 'जिना मोकळा आहे: होय / नाही.' मी 'होय' वर खूण केली. ही पहिली खोटी नोंद.

लिफ्टची कल्पनाही हेमंतभाईंची. विंगमधली घरे पाळीने डबा करत. वॉचमन दळवी डबा स्टुलावर ठेवून लिफ्टचे दोन्ही दरवाजे ओढून घेई. वर परबबाई बटण दाबत आणि लिफ्ट वर जाई. त्या डबा उचलत, आदल्या वेळची धुतलेली भांडी स्टुलावर ठेवत, दार लावत. खाली दळवी बटण दाबे. या व्यवहारात कोणी कोणाला दिसत नसे.

लिफ्टचे दार उघडे राहिले की आतला ध्वनिमुद्रित आवाज बोलू लागे, "कृपया दरवाज़ा बंद करें." मग एक लहानशी धून आणि पुन्हा तेच वाक्य. मुलुंडकरांना हा आवाज पाठ आहे, एरवी तो कोणी ऐकत नाही. त्या दिवसांत ऐकू येई. रस्त्यावर गाडी नाही, मुले खाली खेळत नाहीत, मागच्या मिठागरांवरून कावळ्यांचा आवाज, आणि चौथ्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीतून एक बाई शांतपणे सांगते आहे की दरवाजा बंद करा. मला मोजायची सवय आहे. परबबाईंना डबा घ्यायला लागणाऱ्या वेळात ते वाक्य चार वेळा होई. रोज चार.

दुपारी चार वाजता लिफ्ट उलट्या कामाला लागे. परबबाई वरून दळवीसाठी चहा पाठवत. एक कप, वर बशी झाकलेली. दळवी छप्पन्न वर्षांचा, त्यांच्याच तालुक्यातला. जिन्याखालच्या सहा बाय सात फुटांच्या खोलीत एकटा राही, कुटुंब गावाला. वरून खाली खाण्यापिण्याचे काही येता कामा नये, असा नियम होता. मी त्याला तो सांगितला. तो म्हणाला, "साहेब, चाय उकळलेली असता. उकळलेल्यात काय जगता काय?" कावीळ आली की पाणी उकळून प्या, हे मीच वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो होतो. चहा चालू राहिला. परबबाईंची एक अट होती. कप खाली धुवायचा नाही, तसाच पाठवायचा, त्या स्वतः गरम पाण्यात धुणार. म्हणून दळवी तळाशी राहिलेल्या थेंबांसकट कप बशीवर पालथा घाली आणि स्टुलावर ठेवून दार लावी.

सकाळी मी प्रत्येक विलग घरात फोन करत असे. प्रश्न ठरलेले होते, उत्तरे बहुधा ठरलेली. सहाव्या दिवशी परबबाईंना विचारले, ताप, खोकला, काही त्रास. त्या म्हणाल्या, "नाय हो, काय त्रास नाय." त्या वाक्याच्या मधोमध कोणीतरी खोकले. 'काय' आणि 'त्रास' हे दोन्ही शब्द अखंड आले आणि त्यांच्यावरून तो खोकला गेला. कोरडा, खोलवरचा. माणूस बोलता बोलता त्याच शब्दावर खोकू शकत नाही.

मी विचारले, "कोण खोकलं?"

"टीव्ही," त्या म्हणाल्या.

दुसरा कोणताही आवाज येत नव्हता. मी विचारले, घरात अजून कोण आहे.

"देव आसत."

मी थांबलो. त्याही थांबल्या. फोन दोघांनीही ठेवला नाही. पलीकडे कोणीतरी श्वास दाबून धरला होता आणि तो सोडताना बारीक शिटीसारखा आवाज झाला. मग त्यांनी मला विचारले, "साहेब, तुमी जेवलात?" सकाळचे साडेनऊ वाजले होते.

वहीत रकाना होता, 'घरातील एकूण व्यक्ती.' तिथे 'दोन' लिहिले असते तर पुढचे सर्व आपोआप झाले असते. दुपारी गाडी आली असती, पांढऱ्या पोशाखातली माणसे वर गेली असती, पॅडचे एक पान फाटले असते. पेन हातात होते. चार घड्यांचा कागद खणात होता. मी 'एक' लिहिले. ही दुसरी खोटी नोंद. त्या वेळी मला वाटले की मी एका माणसाला त्याच्या घरात राहू देतो आहे. त्याच्या घराखाली तीन मजले आणि जिन्याखालची एक खोली आहे, हे मला माहीत होते. त्यांचे मत मी विचारले नाही.

सातव्या दिवशी फोन केला, आठव्या दिवशी केला. खोकला ऐकू आला नाही. मी बोलत असताना पलीकडे तोंडावर उशी धरल्यासारखी शांतता असे.

नवव्या दिवशी चारच्या सुमारास इमारतीत पोचलो. लिफ्ट खाली नव्हती. वरचा लाल आकडा चारवर होता. आणि आवाज चालू होता, "कृपया दरवाज़ा बंद करें." दळवी मान वर करून उभा होता. म्हणाला, "अर्धो तास झालो. बोलताच आसा." मी विचारले, वर का गेला नाहीस. त्याने गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली दाखवली. हेमंतभाईंनी किल्ली त्याच्याकडे दिली होती आणि वर जायचे नाही असे सांगितले होते.

मी वॉर्डात फोन करून गाडी मागवली. मग आम्ही जिना चढलो. प्रत्येक मजल्यावर चार बंद दारे. अर्धा तास तो आवाज सगळ्यांच्या दाराशी येत होता आणि कोणीही दार उघडून पाहिले नव्हते. पण दारांवरच्या भिंगांमागे काहीतरी हलत होते. आम्ही पुढे गेलो की मागे कडी सरकल्याचा आवाज होई. दळवीने कुलूप काढले. मी त्याला खाली पाठवले आणि बटणापाशी थांबायला सांगितले.

मधुकर परब लिफ्टमध्ये स्टुलावर बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल आणि चपला. दाढी केलेली. पाय अनवाणी. दोन शब्दांमागे एकदा श्वास घेत होता. शालिनीबाई बाहेर उभ्या होत्या आणि त्यांची उजव्या हाताची बोटे जाळीच्या दारात होती. दार लागू शकत नव्हते.

तो मला म्हणाला, "साहेब, हिका सांगा. दार लावूक. मी आपणहून जातंय." प्रत्येक तुकड्यामागे थांबत होता. तो टाळेबंदीनंतर दुसऱ्या पहाटे भाजीच्या ट्रकमधून गावाहून आला होता. बाहेरून आलेल्याला आत घ्यायचे नाही, असा सोसायटीचा ठराव होता. दळवीने फाटक उघडले आणि वहीत लिहिले नाही. हे सर्व मला नंतर कळले.

शालिनीबाई म्हणाल्या, न्यायचे तर दोघांना न्या, नाही तर दोघांना ठेवा. मी सांगितले की तसा नियम नाही. रुग्णाबरोबर निरोगी माणसाला नेता येत नाही.

"नियम तुमचो," त्या म्हणाल्या. "घोव माझो."

मी त्यांना समजावले. किती वेळ, ते सांगता येते, कारण आवाज चालूच होता. ते वाक्य एकवीस वेळा झाले. मधुकरचे ओठ बदलू लागले होते. मग मी हातमोजे घातलेल्या हाताने त्यांची चार बोटे एकेक करून जाळीतून सोडवली. त्यांनी विरोध केला नाही, मदतही केली नाही. बोटे गार होती आणि करंगळी सर्वांत घट्ट होती. दोन्ही दारे मी ओढून घेतली. आवाज शब्दाच्या मधे तुटला. खाली दळवीने बटण दाबले आणि जाळीतून शेवटी मधुकरचे केस दिसले, मग काहीच नाही. फक्त दोर खाली जात होता.

मी आणि त्या, दोन हातांच्या अंतराने, त्या दोराकडे पाहत उभे राहिलो. त्या म्हणाल्या, "आता कितव्या मजल्यावर असतील?"

गाडीला यायला वीस मिनिटे लागली. तेवढा वेळ खाली बाकावर मधुकरच्या शेजारी दळवी बसला होता. तोंडाला रुमाल, हातात पाण्याचा पेला, तो मधूनमधून मधुकरच्या ओठांना लावत होता. मी वरून खाली आलो तेव्हा हे पाहिले. त्याला लांब हो म्हणायला हवे होते. म्हणालो नाही. म्हणालो असतो तर पेला मला धरावा लागला असता.

या वेळी पत्ता मी तीनदा तपासला. मधुकर परब सतरा दिवसांनी चालत घरी आले. आजही आहेत. मला रस्त्यात भेटतात तेव्हा हात जोडतात.

शालिनीबाईंचा अहवाल निगेटिव्ह आला. त्या काळात अहवालावर किती विसंबायचे हे मला माहीत होते. नव्याने चौदा दिवस मोजायचे ठरले. मजला बंदच राहिला, स्टूल वर-खाली होत राहिले, चारचा चहाही.

चार दिवसांनी दळवीला ताप आला. अहवालाला दोन दिवस लागले. तोवर नियम बदलला होता. सौम्य लक्षणे असतील तर रुग्णाला घरी राहता येत होते, स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास असेल तर. दळवीच्या खोलीत तो झोपला की दार उघडत नसे. मी पॅड घेऊन गेलो.

तो खाटेवर बसून होता. म्हणाला, गावाला जाऊ द्या. घरामागे गुरांचा मांगर आहे, गुरे आता नाहीत. "थय मी एकटोच रवतलंय. कोणाक शिवणार नाय." मी सांगितले, जिल्ह्याची हद्द ओलांडता येणार नाही, गाडी मिळणार नाही, वाटेत कोणाला लागण झाली तर जबाबदारी माझी. सर्व कारणे खरी होती. त्याने ती ऐकून घेतली. मग हळू आवाजात म्हणाला, "परब वर आसत ता माका ठावक होता. तुमका पण ठावक होता."

मी पॅड उघडले.

"मग माकाच कित्याक?"

मी कार्बन सारखा केला आणि त्याचे नाव लिहिले. आदेशाच्या मागे एक रकाना असतो, 'संसर्गाचा संभाव्य स्रोत.' तिथे पहाटेचे फाटक लिहिता आले असते, भांडी लिहिता आली असती, चहा किंवा बाक लिहिता आला असता. सहाव्या दिवशी मी 'दोन' लिहिले असते तर बाकावर कोणी बसले नसते. मी 'अज्ञात' लिहिले. ही तिसरी. विज्ञानाच्या दृष्टीने ती चूक नाही, असे आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडम म्हणाल्या. बरोबर आहे. कोणाकडून कोणाला, हे बाण आम्ही कागदावर काढतो तेव्हा निम्मे बाण अंदाजाचे असतात. तरीही तो शब्द लिहिताना कोणीतरी खांद्यावरून वाचत असल्यासारखे वाटले आणि मी मागे वळून पाहिले. मागे फक्त खुंटीवर त्याचा गणवेशाचा शर्ट होता.

जाताना त्याने गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. त्याला नेल्यापासून सहाव्या दिवशी केंद्रातून फोन आला. गावी कळवायचे काम माझ्याकडे आले. त्याच्या मुलीने विचारले, त्यांना काही हवे होते का. मी म्हणालो, त्यांनी काही सांगितले नाही. ही नोंद वहीत नाही, म्हणून मोजलेली नाही.

चोविसाव्या दिवशी मजला उघडायचा होता. मी पावणेचारला पोचलो. हेमंतभाईंनी जाळीचे दार स्वतः काढून भिंतीला टेकवले. नवा वॉचमन एजन्सीचा होता, तो फाटकावरचे बांबू सोडवत होता. मी हेमंतभाईंना विचारले, परबबाईंना दळवीचे सांगितले का. ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "नाही हो. नवरा तिथे ऑक्सिजनवर होता. त्यात हे कुठे सांगणार? दळवीचा मोबाईल बिघडलाय, असं सांगितलंय." परबबाईंच्या घराच्या खिडक्या मागे मिठागरांकडे उघडत, फाटक त्यांना दिसत नसे. मग चहाचे काय होते, हे मी विचारले. नवा माणूस रोज तो मोरीत ओततो आणि कप परत पाठवतो. नऊ दिवस असे चालले होते. हेमंतभाई म्हणाले, "तुम्हीच सांगा ना त्यांना. तुम्ही सरकारी माणूस." आणि ते आपल्या दुकानाकडे गेले.

वर जाऊन सूचनेचा कागद काढायचा होता. मी लिफ्टचे बटण दाबले. आकडे उतरत आले: चार, तीन, दोन, एक. दार उघडले तर स्टुलावर कप होता, वर बशी. चार वाजले होते. लिफ्टमधली बाई बोलू लागली.

मी कप उचलला. आल्याचा वास होता, चहा अजून गरम होता. तो हातात घेऊन वर जाणे मला जमले नाही. जिन्याखाली मोरी होती. तिथे चहा ओतला. नळाशी साबणाची वडी होती. बाहेरून आलेले भांडे साबणाने, वीस सेकंद, आतून-बाहेरून, हे त्या उन्हाळ्यात मी हजारदा सांगितले होते, भोंग्यावरून, पत्रकातून, फोनवर. हाताला ते पाठ झाले होते. कप धुतला, बशी धुतली, झटकून कप बशीवर पालथा ठेवला. स्टूल सरळ केले. दोन्ही दारे ओढली. काही क्षणांनी वरून कोणीतरी बटण दाबले आणि लिफ्ट गेली.

मी दळवीच्या खुर्चीत बसून वही काढली. 'जिना मोकळा आहे.' होय. पहिल्यांदाच खरे लिहीत होतो. वर दार उघडल्याचे ऐकू आले. मग फोन वाजला.

"साहेब, तुमी खाली आसात?"

मी हो म्हणालो.

"कप धुतलेलो इलो."

मी वहीत पाहिले. वहीत सर्व होते.

"दळवी कधी गेले?" त्यांनी विचारले.

मी तारीख सांगितली. वेळ सांगितली. केंद्राचे नाव विचारले नव्हते, तेही सांगितले.

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे, फोनमधून आणि जिन्याच्या पोकळीतून एकाच वेळी, तो आवाज. कृपया दरवाज़ा बंद करें. एकदा. दोनदा. तीनदा. चारदा. पाचव्यांदा सुरू झाला तेव्हा मी वही मिटली. जिना मोकळा होता. मी चढू लागलो.